बम्मय्याची सोमवारची अंघोळ

तुमच्या गावच्या वेशीवर, देवळामागे किंवा शाळेच्या कुंपणाशी एक कोरलेला दगड उभा असेल. त्यावर काय कोरलंय, ते तुम्ही कधी वाकून पाहिलंय का?

मीही पाहिलं नव्हतं. सांगलीहून बंगळुरूची बस पकडली तेव्हा माझ्या डोक्यात राग मात्र भरपूर होता. जगभरात माणसं वीतभर माती ब्रशने झाडून जुन्या वस्त्यांचे थर उलगडतात आणि आपण आपले शिलालेख नाल्यात ढकलतो, असा तो राग. मैत्रीण मेधा हिने फोनवर सांगितलं होतं, "हेब्बाळच्या पुढे एक वीरगळ आहे. राजकालुवे (पावसाच्या पाण्याचा मोठा नाला) रुंद करतायत आणि दगड बरोबर मधे येतोय. सोमवारी मशीन लागणार. त्याआधी वाचला गेला तर वाचेल, नाहीतर राडारोड्यात जाईल. येतेस?"

मेधा मूळ पुण्याची, महादेवपुऱ्यात आयटीत काम करते आणि सुट्टीच्या दिवशी गावोगावचे शिलालेख स्कॅन करत हिंडते. रविवारी सकाळी तिने मला बसवरून उचललं आणि थेट एका दर्शिनीत (उभ्याने खायचं हॉटेल) नेलं. ताटलीएवढी तट्टे इडली, वर लोण्याचा गोळा. तिथेच वसुधाक्का भेटल्या. त्या निपाणीच्या, घरी मराठी, शाळेत कन्नड. जुनी कन्नड लिपी वाचण्यात त्यांचं निम्मं आयुष्य गेलंय.

"इथं खणायचं नसतं काय?" मी विचारलं.

"दगड वरच उभा आहे की," त्या म्हणाल्या. "खणायचं ते त्याच्यावर साचलेलं. इजिप्तच्या थडग्यात लेख वाचत बसलेला माणूस असो नाहीतर मी, अक्षर झिजलं की उजेड तिरका पाडायचा. खोलगटात सावली बसते, सावली वाचायची. कॉफी संपव."

हेब्बाळचं तळं मागे टाकून आम्ही एका गल्लीत शिरलो. काचेच्या इमारतींच्या पाठीमागे अजून गावच होतं. कोंबड्या, गोठा, दारापुढे रांगोळ्या. नाल्याच्या काठावर होंगेचं (करंजाचं) झाड आणि त्याच्यापासून थोडं खाली, उतारावर, तो दगड. तेल, कुंकू आणि काजळीचा जाड काळा थर. मधे एक धनुष्य धरलेला माणूस, वर चवऱ्या ढाळणाऱ्या अप्सरा. अक्षरं जिथे असायला हवीत तिथे गुळगुळीत काळोख. पुढ्यात पणती जळत होती.

मेधाने पिशवीतून मऊ ब्रश काढला मात्र, मागून आवाज आला.

"ए! कोण गं तुम्ही? देवाला हात कशाला लावताय?"

पदर खोचलेली, पासष्टीची बाई. गौराक्का. तिचं मराठी ऐकून मी चकित झाले. तिचं घराणं कित्येक पिढ्यांपासून इथलंच, घरात मराठी आणि बाहेर कन्नड. या दगडाची दिवाबत्ती तिच्या घरात सासूकडून सुनेकडे येते.

मेधाने समजावलं, की तेल काढल्याशिवाय तिच्या स्कॅनरला अक्षरं दिसणार नाहीत.

"देवाला अंघोळ घालणार तुम्ही? तुम्ही कोण त्याच्या?"

माझा संयम सुटला. तेलामुळे अक्षरं बुजलीत, भक्तीच्या नावाखाली इतिहास मरतोय, उद्या हा दगड जाईल तेव्हा देव काय करणार, असं बरंच काही मी एका दमात बोलले. गौराक्काने शांतपणे ऐकून घेतलं.

"झालं काय तुझं? स्वल्प (थोडं) पाणी पी," ती म्हणाली. मग वसुधाक्कांकडे वळली. "सासूनं मरताना हा दिवा माझ्या हाती दिला. देवच नाल्यात गेला तर तिकडं गेल्यावर तिला काय तोंड दाखवू? ते सांगा आधी."

वसुधाक्का खाली बसल्या. "तुम्ही अंघोळ कधी घालता त्याला?"

"सोमवारी. पहाटे. नुसत्या पाण्यानं."

"मग घाला की. आम्ही लांब उभं राहतो. फक्त तेल जाईल अशी घाला."

गौराक्का विचारात पडली. "शिकेकाईनं जाईल."

"घासणी नको हं. मऊ फडकं."

"माझ्या अण्णाला (थोरल्या भावाला) घासणी लावीन होय मी?" ती फणकारली. आणि ठरलं.

परत जाताना मेधाने मला गल्लीतले दुसरे दोन दगड दाखवले. एकावर कपडे धुतले जात होते, त्याचं कोरीव काम पार सपाट झालं होतं. दुसरा एका घराच्या पायरीला लागला होता. "हे तिन्ही एकाच काळातले असणार," मेधा म्हणाली. "जो शाबूत आहे, त्याच्यापुढेच दिवा आहे." सकाळी ज्या थराला मी नावं ठेवली होती, त्यानेच इतकी वर्षं धुणं-पायऱ्यांपासून तो दगड राखला होता.

सोमवारी उजाडताना आम्ही पुन्हा तिथे. गौराक्काने तपेलं भरून कढत पाणी आणलं होतं, शेजारच्या दोघी बायका सोबत. शिकेकाईची पूड लावली, फडक्याने हळूहळू फिरवली, पाणी ओतलं, पुन्हा लावली. काळं पाणी उतारावरून वाहायला लागलं. मग खांद्याच्या जागी राखाडी दगड दिसला, धनुष्याची दोरी दिसली, पायाशी गाईंची रांग दिसली. गौराक्का थबकली. "गाई आहेत? इतकी वर्षं मी गाईंना तेल लावत होते?"

आणि गाईंच्या खाली, ओळी. अक्षरांच्या ओळी!

मला राहवेना. शिलालेखावर पीठ चोळलं की अक्षरं पांढरी उठून दिसतात, असं कुठेतरी पाहिलं होतं. शेजारणीकडून मूठभर तांदळाचं पीठ घेतलं आणि दिलं भुरभुरवून. दगड ओला होता. पिठाचा क्षणात लगदा झाला आणि नुकतीच मोकळी झालेली अक्षरं पुन्हा बुजली.

"अय्यो!" गौराक्का ओरडली. "भाकरी थापतेस काय देवावर?"

बायका पोट धरून हसल्या. मेधा तेव्हा झाडाखाली ऑफिसच्या कॉलवर होती, आवाज बंद करायला विसरली आणि तिच्या साऱ्या टीमने ती भाकरी ऐकली. वसुधाक्का तेवढ्या हसल्या नाहीत. "कोरडं असतं तरी टाकायचं नाही. पीठ भेगांत बसतं, त्याला बुरशी धरते, मुंग्या येतात. उजेड आहे ना आपल्याकडे?" गौराक्काने पुन्हा पाणी तापवायला घेतलं. मला एका शब्दाने बोलली नाही, उलट फडकं माझ्या हाती दिलं. "सरी (बरं), आता तूच काढ. हळू."

दगड सुकेपर्यंत पिवळं मशीन येऊन उभं राहिलं. मुकादम घाईत होता. मी पुढे झाले आणि हा ठेवा जनतेचा आहे, तुम्हाला तो हलवण्याचा अधिकार कुणी दिला, असं सुरू केलं. त्याने पूर्ण ऐकलं. "मॅडम, भाषण बढिया था. लेकिन मशीन को सुनाई नहीं देता."

तोवर मेधाने स्कॅन सुरू केला होता. स्कॅनरमधून प्रकाशाचे पट्टे दगडावर सरकत होते आणि लॅपटॉपवर दगड पुन्हा घडत होता. मेधाने पडद्यावरचा उजेड एका बाजूला वळवला आणि सावल्या भरल्या. वसुधाक्का बोटाने हवेत अक्षरं गिरवत वाचू लागल्या, आधी कन्नडमध्ये, मग आमच्यासाठी मराठीत.

"गाई पळवून नेल्या तेव्हा... बम्मय्या... लढला, गाई परत आणल्या आणि मेला. त्याच्या बहिणीने हा कल्लु (दगड) उभा केला." त्या थांबल्या. शेवटची ओळ त्यांनी कन्नडमध्ये मुद्दाम मोठ्याने वाचली, मुकादमाकडे बघत.

मुकादमाला कामापुरतं कन्नड कळत असावं, त्याचा चेहरा बदलला. "क्या लिखा है? फिर से बोलो."

"जो कुणी हा दगड मोडेल, त्याला काशीत गाय मारल्याचं पाप लागेल," वसुधाक्कांनी त्याला हिंदीत अर्थ सांगितला.

त्याने आधी चपला काढल्या. मग साहेबांना फोन लावला आणि बराच वेळ बोलला.

शापबिप मी मानत नाही. पण माझ्या भाषणाने जे झालं नाही ते त्या ओळीने केलं आणि त्या अज्ञात बहिणीचे मी मनापासून आभार मानले. तिने पुढच्या सगळ्या मुकादमांचा विचार आधीच करून ठेवला होता.

दगड हलवावा लागलाच, पण होंगेच्या झाडाखालच्या उंचवट्यापर्यंत. आधी मेधाने तो कुठे, कसा, कुठे तोंड करून उभा होता त्याची मापं आणि फोटो घेतले. "जागा हरवली की निम्मा अर्थ हरवतो," वसुधाक्का म्हणाल्या. मुकादमाच्या माणसांनी दगडाला गोणपाट गुंडाळलं, पट्टे लावले आणि मशीनने तो असा अलगद उचलला, की शेजारणी हात जोडून उभ्या राहिल्या. तोंड पूर्वीसारखंच पूर्वेकडे ठेवलं.

गौराक्काने नव्या जागी पणती लावली. "बम्मय्या," ती हळूच म्हणाली, जरा चाचपत. मग, "बम्मण्णा." अण्णा ती त्याला आधीपासून म्हणतच होती. आता अण्णाला नाव मिळालं. "बहिणीनं उभं केलं होतं नाही का तुला? बरं. मी आहे."

दुपारी तिने आम्हाला नाचणीची मुद्दे (उकडीचा गोळा) आणि अवरेकाळूचं (पावट्याच्या दाण्यांचं) सारू वाढलं. निघताना संक्रांतीचं उरलेलं एळ्ळु-बेल्ल (तीळगूळ) माझ्या ओंजळीत घातलं. "गोड बोल गं. मुकादमाशीसुद्धा," ती म्हणाली.

परतीच्या बसमध्ये ते तीळ खात आले. जगातल्या उत्खननांबद्दलचा माझा आदर तसाच आहे, राग मात्र थोडा शहाणा झालाय. दगड टिकतो तो आधी कुणाच्या तरी मायेने. वाचणारे नंतर येतात. गौराक्का, तुझे आभार.

आता तुमची पाळी. या रविवारी आपल्या गावच्या कोरलेल्या दगडापाशी जा. तिथे दिवा लावणारं कुणी असेल तर आधी त्यांच्याशी बोला, अंघोळ कोण घालतं ते विचारा. सकाळच्या तिरक्या उन्हात फोटो काढा, तो कुठे आणि कुठल्या दिशेला तोंड करून उभा आहे ते टिपून ठेवा, आणि लिपी जाणणाऱ्या माणसाला दाखवा. जवळपास नाला, रस्ता रुंद होणार असेल तर मशीन यायच्या आधी दाखवा.

आणि पीठ घरीच ठेवून जा.