फोटोतल्या सात जणांची नावं

इंगोले बाई वर्तमानपत्र मागून वाचायच्या. आधी जाहिराती, मग निधनवार्ता, आणि वेळ उरलाच तर बातम्या. "बातमी देणारा जपून लिहिते बापा," त्या म्हणायच्या, "जाहिरात देणाऱ्याच्या पोटात काय आहे, थे लगेच दिसते." अकोल्यात त्यांनी पस्तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. मी त्यांचा विद्यार्थी नव्हे. आमची ओळख माझ्याच एका जाहिरातीमुळे झाली, आणि त्या दिवशी त्यांच्यामुळेच मी मार खाता खाता वाचलो.

मी अमरावतीत जाहिराती करतो. अकोल्यातल्या एका कापड दुकानासाठी पंधरा ऑगस्टची जाहिरात हवी होती. एका जुन्या स्मरणिकेत स्वातंत्र्यलढ्यातल्या मोर्चाचा फोटो सापडला. सात तरुण, पुढच्याच्या हातात झेंडा. मी संगणकावर झेंडा काढला, तिथे दुकानाची पिशवी दिली आणि खाली लिहिलं, 'आता स्वातंत्र्य निवडीचं!' मालकाला फार आवडली. खरं सांगायचं तर मलाही.

सकाळी ती छापून आली, दुकानावर मोठा फलकही लागला. दुपारपर्यंत समोर दीड-दोनशे माणसं जमली होती. फलकावर दगड पडत होते. मालकाने बोलावलं म्हणून मी मागच्या दाराने कसाबसा आत शिरलो. शटर अर्धं ओढलेलं, आणि बाहेर जाहिरात करणाऱ्याच्या तोंडाला काळं फासायची भाषा चाललेली.

तेवढ्यात ऑटोतून एक वयस्क बाई उतरल्या. गर्दीतले निम्मे त्यांचे विद्यार्थी. वाट आपोआप झाली. शटरखालून वाकून त्या आत आल्या, जाहिरात कोणी केली ते विचारलं आणि मला मनगटाला धरून बाहेर पायरीवर नेलं. त्यांनी सकाळचा पेपर उघडला आणि पिशवीवाल्या तरुणावर बोट ठेवलं.

"याचं नाव सांग."

मला माहीत नव्हतं. मी तसं सांगितलं.

"मंग तुमी सांगा," त्या गर्दीला म्हणाल्या. पेपर सगळ्यांना दिसेल असा त्यांनी वर धरला.

"हे माहे बाबा. याले नाव माहीत नव्हतं म्हून यानं त्यायच्या हाती पिशवी देली. तुमालेबी माहीत नाही, अन् तुमी दगड मारून राहिले. थे दगड कोनाले लागले?"

समोरच्या एकाने मूठ उघडून दगड गटाराकडेला टाकला. मग हळूहळू चौक रिकामा झाला. मी पायरीवरच बसलो. बाईंनी पाणी मागवलं, मी ते पिईपर्यंत थांबल्या आणि म्हणाल्या की फलक आजच उतरव, आणि बाकीच्या सहा जणांची नावं शोधून काढ. "तिघायची मी सांगतो. तिघं मलेबी माहीत नाहीत. पोरायले इतिहास शिकवत राहिली, अन् बाबा जिते होते तवा हा फोटो घेऊन त्यायच्यापाशी बसली नाही."

दोन नावं लवकर मिळाली. शेवटच्याला आठ महिने लागले. मोर्शीला एका घरात स्वयंपाकघराच्या भिंतीवर तोच चेहरा फ्रेममध्ये लावलेला होता. ते त्या घरातले थोरले काका. मी तिथूनच फोन केला. बाईंनी ते नाव माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतलं. मग म्हणाल्या, "बरं झालं बापा. छातीवरचा धोंडा उतरला."

पुढच्या पंधरा ऑगस्टला त्याच जागी मूळ फोटो लागला, झेंड्यासकट, खाली सात नावं. दुकानाचं नाव घालायचं नाही, असं बाईंनी बजावलं होतं. मालकाने जरा कुरकुर करून मानलं.

बाई आता नाहीत. मला त्या आठवतात, त्या पंधरा ऑगस्टच्या सकाळच्या. फलकाखाली बाक टाकून बसलेल्या. सायकलवरून चाललेला एक माणूस थांबला, नावं वाचू लागला आणि स्वतःशीच म्हणाला, "हे तर आमच्या गावचे."

बाई बाकावर जरा सरकल्या. "बस बापा," त्या म्हणाल्या. "सांग, कसे होते थे?"