शिळं पाणी मागणारे गफूरभाई

गफूरभाई गेल्याची बातमी मला जिन्यात कळली. दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या, गुडघ्यांना मनातल्या मनात शिव्या, अशी मी वर चढत होते आणि मागून त्यांच्या सुनेची हाक आली, "बाई, अब्बा नहीं रहे..." पिशव्या पायरीवर टेकवल्या आणि शेजारी मीही टेकले. दुकानात, स्टुलावर बसल्या बसल्या गेले. समोर कुणाचं तरी घड्याळ उघडं होतं म्हणे. त्याला आता पाच आठवडे झाले. एवढ्या दिवसांत गल्लीतली माणसं त्यांच्याबद्दल बरंच बोलली, हात कसा सफाईदार होता, जीभ कशी गोड होती. सगळं खरं. पण मी त्यांना आठ दिवस जे करताना पाहिलं, ते कुणालाच ठाऊक नाही, म्हणून लिहायला बसले.

सोलापूरच्या शुक्रवार पेठेत आमचं घर वरच्या मजल्यावर आणि खाली गफूरभाईंचं घड्याळदुरुस्तीचं दुकान. दुकान कसलं, एक फळी, एक काचेचं कपाट आणि स्टूल. आमचे हे निवृत्त झाल्यापासून रोज सकाळी तासभर तिथंच. गल्लीत सगळे ह्यांना अण्णा म्हणतात. अण्णा पेपर वाचायचे, गफूरभाई डोळ्याला भिंग लावून चिमट्यानं चक्रं उचलायचे. "एवढं काय बोलत असता हो दोघं?" मी विचारायची. हे म्हणायचे, "काही नाही." आणि ते खरंच असायचं. मी जन्मभर शाळेत पोरांवर ओरडलेली बाई, मला त्या गप्प बसण्याचा भारी राग यायचा.

मग ह्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. त्याहून वाईट म्हणजे इच्छा गेली. व्यायाम शिकवायला बाई यायची, तिच्याकडं हे बघायचेसुद्धा नाहीत. दिवसभर भिंतीकडं तोंड. मी रागावले, विनवण्या केल्या, सिद्धरामेश्वराला साकडं घातलं. भिंत ती भिंत. शेवटी आमची लेक पुण्याहून आली आणि काचेची टाकी, हवेचा पंप आणि एक केशरी-पिवळा गोल्डफिश घेऊन आली. मी कपाळावर हात मारला. म्हटलं, बापाला दवा हवा तर ही मासा आणते! आमच्या लिंगायताच्या घरात मासा म्हणजे... पण दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर ह्यांचं तोंड टाकीकडं वळलेलं. चार महिन्यांत पहिल्यांदा ह्यांनी आपणहून काहीतरी बघितलं होतं. मी त्या माशाचं नाव शेवंती ठेवलं आणि त्या दिवसापासून तिला देवासारखी जपायला लागले.

जपणंच नडलं. सोलापूरकरांना पाण्याचं सांगायला नको. चार-पाच दिवसांनी नळ येतो आणि आला की बायकांच्या अंगात येतं. घरातला थेंब न् थेंब शिळा. पिंप, घागरी, बादल्या सगळं मोरीत ओतायचं, घासायचं आणि ताजं भरायचं. हे आम्हाला कुणी शिकवलेलं नाही, हाताला वळणच आहे. त्या दिवशी त्याच भरात मी शेवंतीची टाकीपण उपसली. म्हटलं, तिनं बिचारीनं का शिळ्या पाण्यात राहावं? काच घासून लख्ख केली, नळाचं ताजं पाणी भरलं, शेवंतीला आत सोडलं आणि कौतुकानं स्वयंपाकाला लागले. तासाभरानं ह्यांचा आवाज आला. शब्द नव्हे, नुसता घशातला आवाज. धावत आले तर शेवंती तळाला आडवी पडलेली, तोंड उघडं, कल्ले भराभरा हलताहेत. आणि हे डाव्या हातानं काचेवर थापा मारताहेत...

ती मेली तर हे पुन्हा भिंतीकडं वळणार आणि ह्या खेपेला परत फिरणार नाहीत, हे मला स्वच्छ दिसत होतं. आणि मारणारी कोण, तर मी. पदर खोचला आणि जिना उतरले. गफूरभाईंच्या कपाटावर बरणीत दोन बारके मासे असायचे, तेवढ्याच आशेवर.

ते काम टाकून उठले. वर येऊन टाकीवर वाकले, डोळ्याचं भिंगही काढायचं राहिलं होतं.

"पाणी बदललं काय बाई? नळाचं? आत्ताचं?"

"हो, ताजं आहे चांगलं! शिळं सगळं टाकून दिलं."

"अरे अल्ला... ताज्या पाण्यात जंतू मारायची दवा असते, शिळं झालं की उडून जाते. आपल्याला काय होत न्हाय, त्याचे कल्ले जळतात. शिळं पाणीच पायजे त्याला." मग माझा चेहरा बघून म्हणाले, "तुमी शाळेत पोरं पण अशीच धुवून काढत होता काय?"

त्या वेळी हसू आलं नाही, रडू आलं. आणि मग मी बघितलं ते दृश्य. नळाचा दिवस, अख्ख्या गल्लीनं पिंपं पालथी घातलेली आणि साठीचा माणूस, तोंडाला रोजा, बादली घेऊन दारोदार विचारतोय, "शिळं पाणी हाय का हो?" बायका हसायला लागल्या. "आत्ताच ओतलं की मोरीत! ताजं न्या की!" "ताजं नक्को, शिळंच पायजे." कुणीतरी म्हणालंही, उपासानं डोकं फिरलं वाटतं. शेवटी गल्लीच्या टोकाला एका विणकराच्या घरी मागच्या खेपेचं अर्धं पिंप शिल्लक होतं. तेवढं त्यांनी दोन खेपांत जिन्यानं वर आणलं. स्वतःला पाण्याचा घोट नाही आणि बादलीतला थेंब सांडू दिला नाही.

टबात ते पाणी ओतलं, पंपाची नळी सोडली, चिमूटभर खडेमीठ टाकलं. हात कोपरापर्यंत धुऊन ओलेच ठेवले आणि शेवंतीला तळव्यावर घेऊन पाण्यात सावकाश गोल फिरवायला लागले. "फक्त पुढं न्यायचं. मागं ओढायचं न्हाय. तोंडातून पाणी आत गेलं की कल्ल्यातून भायेर येतं, तोच तिचा श्वास." मी उभी राहून बघत राहिले. किती वेळ, सांगता यायचं नाही. ज्या बोटांनी केसाएवढे स्क्रू बसवले, ती बोटं एका माशाला श्वास देत होती. असला धीर मी कुठल्याही माणसात पाहिला नव्हता, देवळात नाही आणि शाळेत तर नाहीच नाही.

तिसऱ्या प्रहरच्या, अस्राच्या नमाजाची वेळ झाली तसे ते उठले, टब उचलून ह्यांच्या खाटेलगत स्टुलावर ठेवला. म्हणाले, "अण्णा, मला जायला पायजे. आता तुमी धरा."

मी म्हटलं, "अहो, त्यांना कुठं..."

"बाई, तुमी चहा ठेवा."

स्वतः रोजानं असलेला माणूस मला चहा ठेवायला सांगतोय! मी आत गेले. परत येऊन बघते तर ह्यांचा डावा हात टबात, तळव्यावर शेवंती आणि हात हळूहळू गोल फिरतोय. चार महिने घासाला तोंड उघडायचा कंटाळा केलेला माणूस कपाळाला घाम येईतो तेच करत होता.

मग हाच दिनक्रम झाला. दुपारी दुकान बंद करून गफूरभाई यायचे. मीठ टाकायचे, थोडं पाणी काढून थोडं शिळं घालायचे, भिंगातून शेवंतीचे कल्ले बघायचे. तीन दिवस तिला काही खाऊ घालू दिलं नाही. "तिचा पण रोजा, माझा पण रोजा. अण्णा, तुमी तेवढे खाताय." ह्यांच्या ओठाचा कोपरा हलला. चौथ्या दिवशी मी मटार उकडला, त्यांनी साल काढून घड्याळाच्या चिमट्यानं कणभर तिच्या तोंडाशी धरला. तिनं थुंकला. पाचव्या दिवशीही थुंकला. मला तर रोज वाटायचं, आज संपलं. पण गफूरभाई निघताना रोज तेच म्हणायचे, "कालच्यापेक्षा बरी हाय, अण्णा. उद्या बघू."

सहाव्या दिवशी ह्यांचा डावा हात दमला. तेव्हा ह्यांनी आपला लुळा उजवा हात डाव्यानं उचलला आणि पाण्यात सोडला. पाण्यात तो हात हलका झाला, तरंगला. गफूरभाईंनी शेवंतीला त्यावर ठेवलं. आणि मी माझ्या डोळ्यांनी बघितलं, अंगठ्याजवळचं बोट हललं. ती घसरू नये म्हणून वाकलं. मी दाराला धरून उभी होते. गफूरभाईंनी माझ्याकडं बघून मान हलवली, म्हणजे बोलू नका. मी तोंडात पदर कोंबला.

आठव्या दिवशी शेवंती त्या हातावरून उठली, टबात एक गिरकी घेतली आणि मटार गिळला. हे म्हणाले, "बघ." चार महिन्यांनंतरचा पहिला शब्द. कुणाला म्हणाले कोण जाणे, पण गफूरभाई आणि मी, दोघंही रडलो.

पुढं व्यायामाच्या बाईला हे शरण गेले. आज काठी घेऊन चालतात, अडखळत का होईना, बोलतात. शेवंतीला घरात येऊन दोन वर्षं झाली, चांगली फुगली आहे. आणि मी इतके दिवस समजत होते की गफूरभाईंना माशांचं फार कळत होतं.

परवा गफूरभाईंच्या बायकोकडं, खैरूनभाभींकडं बसायला गेले. नवरा गेल्यावरची इद्दत पाळताहेत, त्या बाहेर पडत नाहीत सध्या. शेवंतीचा विषय निघाला तशा म्हणाल्या, "बाई, एक बात बोलूँ? पैलेच दिन घरकू आके बोले, मच्छी नै बचती, कल्ले पूरे जल गये. बाद में एक दिन मैं बोली, फिर रोजे में रोज कायकू जाते? तो बोले, मच्छी के वास्ते कौन जाता? आज अण्णा का हाथ चला."

मी घरी कशी आले, मला माहीत नाही. हे टाकीपाशी खुर्चीत बसले होते. चपला न काढताच मी सगळं सांगितलं. म्हटलं, ती मरणार हे त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं हो, ते तुमच्यासाठी येत होते.

ह्यांनी शांतपणे मान डोलावली. "मला पण... कळलं होतं. मरणार म्हणून."

"मग आठ दिवस हात बुडवून का बसलात?" मी जवळजवळ ओरडलेच.

ह्यांना वेळ लागला. एकेक शब्द शोधून, जुळवून म्हणाले, "गफूर... उपाशी... जिना चढून यायचा. त्याला... कसं सांगू?"

मी चपला काढल्या. दोन म्हातारे, आठ दिवस, एकमेकांचं मन मोडू नये म्हणून एका मेल्यात जमा असलेल्या माशाला पाण्यातून पुढं नेत राहिले. फक्त पुढं. दोघांनाही पक्कं ठाऊक होतं, ती जगणार नाही. शेवंतीला तेवढं कुणी सांगितलं नव्हतं.