पनवेलच्या खाडीतल्या तीन बुड्या

सांगलीहून निघताना माझ्या ट्रंकेत चार सुती पातळं, पोहण्याचा पोशाख आणि रिबेकाचं पत्र एवढंच होतं. रिबेका आणि मी पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात एका खोलीत राहिलो होतो. तिनं लिहिलं होतं, "बाबा डॉकमधून निवृत्त झाले, आणि पाणबुड्याचा जुना मुखवटा आणि हवेचा हातपंप घरी घेऊन आले. तू कृष्णेच्या पुरात उड्या मारतेस ना? मग सुट्टीत इकडे ये आणि तळ बघ." मी मुलींच्या शाळेत कवायत शिकवते. मे महिन्यात शाळेचं पटांगण ओस पडतं. आईला मैत्रिणीकडे जाते म्हणून सांगितलं. मुखवट्याचं बोलले नाही.

बोरघाट उतरून एस.टी. पनवेलला पोचली तेव्हा दुपार टळली होती. घाटावरची कोरडी हवा मागे राहिली आणि अंगाला चिकटणारी खारट हवा सुरू झाली. रस्त्याच्या कडेला सुतार बैलगाडीची चाकं बनवत होते. तासलेल्या लाकडाचा आणि सुक्या मासळीचा वास एकमेकांत मिसळला होता. रिबेका छत्री घेऊन उभी होती. तळ्याजवळच्या तिच्या घराच्या चौकटीवर प्रार्थनेची छोटी नळी ठोकलेली होती. आत जाता जाता तिनं तिला बोटं लावून ओठांना टेकवली. ही मंडळी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे यहुदी. तिचे वडील मोझेसकाका झोपाळ्यावर बसले होते. रुंद छातीचा, साठीकडे झुकलेला माणूस. पाण्याखाली तीस वर्षं काढल्यामुळे डाव्या कानानं त्यांना कमी ऐकू यायचं.

"पोहता येतं म्हणून पाणबुड्या होता येत नाही," हे त्यांचं पहिलं वाक्य. "पोहणारा घाई करतो."

चार दिवस त्यांनी मला तळ्यात उतरवलं. मुखवटा रबरी, समोर जाड काच, वर हवेची नळी. काठावर रिबेका पंपाचा दांडा वरखाली करायची. कमरेला दोर. एक हिसका म्हणजे ठीक आहे, दोन म्हणजे आणखी दोर सोडा, तीन म्हणजे वर ओढा. पहिल्या दिवशी मी पाण्याखाली इतक्या धसमुसळेपणानं हातपाय मारले की काचेसमोर नुसता गाळ झाला. मला वर काढून काका म्हणाले, "आता खाली जाऊन काहीही करू नकोस. नुसती बस." मी तळाशी मांडी घालून बसले. हळूहळू गाळ खाली बसला आणि एक लहानसा मासा येऊन माझा अंगठा चावून गेला. शनिवारी शिकवणी बंद. शब्बाथच्या (विश्रांतीच्या) दिवशी त्या घरात चूलसुद्धा पेटत नव्हती.

रविवारी सकाळी जानू तांडेल (नावेचा मुख्य खलाशी) आला. ओट्यावर चढला नाही, खालीच उभा राहिला.

"मोझेसशेट, माजा मचवा बुडाला. खाडीच्या तोंडाशी, खडकाला लागला नि गेला. पोरं वाचली, पन मचवा नाय तर आमी खायाचं काय?"

मचवा म्हणजे मालाची शिडाची नाव. पाणी ओहोटीलाही पाच वाव (सुमारे तीस फूट) खोल होतं. मचवा उचलायची रीत काकांनी मला अंगणात दोन परड्या आणि एक वरवंटा घेऊन समजावली. बुडालेल्या नावेखालून चार दोर घालायचे, आणि ओहोटीच्या वेळी ते दोन्ही बाजूंच्या होड्यांना ताठ बांधायचे. भरती आली की होड्या वर उठतात आणि मचव्याला बरोबर उठवतात. मात्र त्यासाठी पौर्णिमेचं उधाण, म्हणजे सर्वांत मोठी भरती हवी. पौर्णिमा मंगळवारी होती. उधाण ओसरलं की पुढल्या खेपेपर्यंत गाळ मचव्याला पुरता गिळणार होता.

सोमवारी काका स्वतः उतरले. पहिला दोर घालून वर आले तेव्हा त्यांच्या उजव्या, चांगल्या कानातून रक्त येत होतं. डॉक्टरांनी कान तपासला आणि पाण्यात जायला साफ मनाई केली. मुंबईहून दुसरा पाणबुड्या बोलवायला वेळ नव्हता.

रात्री आम्ही जेवायला बसलो. ताटात खाडीतली बोय मासळी होती, नारळाच्या आमटीत शिजवलेली. मी म्हटलं, "काका, मी उतरते."

रिबेकानं भाताचा चमचा खाली ठेवला. "तुझ्या आईला मी काय सांगू?"

काकांनी ताट बाजूला सारलं. "एका अटीवर," ते म्हणाले. "दिवसाला दोन बुड्या. मधे चार तास सावलीत पडून राहायचं. तिसरी मागायची नाही."

मी लगेच हो म्हटलं. अट मला फार सोपी वाटली.

मंगळवारी उजाडता उजाडता, ओहोटीच्या शांत पाण्यात मी होडीतून पहिली बुडी मारली; पंपावर रिबेका, दोरावर काका. तळ्याचं पाणी हिरवं होतं, हे मातकट काळं. कोपराच्या पलीकडे काही दिसेना. कान दुखू लागले की थांबायचं, नाक दाबून हवा ढकलायची, मग पुन्हा खाली. अचानक हाताला लाकूड लागलं, आणि माझं हृदय इतक्या जोरात उडालं की पंपाच्या आवाजापेक्षा तेच ऐकू येऊ लागलं. मी नुसती बसले. श्वास ठिकाणावर आल्यावर चाचपडत मचव्याचं पोट शोधलं. नाळ (नावेचं पुढचं टोक) खडकावर टेकल्यामुळे खाली हात जाईल एवढी फट होती. लोखंडी सळईला दोर बांधून ती फटीतून पलीकडे सारली, वळसा घालून गेले आणि ओढून घेतली. दुसरा दोर बसला.

दुपारी भरती थांबली तेव्हा तिसरा बसवला. पाणी दोन वाव जास्त चढलं होतं, फट गाळानं भरली होती. हातांनी उकरावी लागली. वर आले तेव्हा दात वाजत होते, मे महिन्यात! पण आनंदानं मला काही जाणवेना. एकच दोर राहिला होता. संध्याकाळी पुन्हा ओहोटी होती, उजेडही असणार होता.

"काका, तेवढा एक दोर. मला काही झालेलं नाही."

"नाही."

तांडेल हात जोडून पुढे आला. "शेट, बाई तयार हाय. आज पुनव हाय. उद्याचं कोनी बगितलंय?"

काका त्याच्याशी बोलले नाहीत, माझ्याशी बोलले. "माझा एक जोडीदार होता. जहाजाच्या तळाला अडकलेली साखळी सोडवायला तिसऱ्यांदा गेला. हसत वर आला, बिडी पेटवली. संध्याकाळी त्याला उठून उभं राहता येईना. खोल पाण्यात रक्तामध्ये हवा कोंडते, कुसुम. ती तिच्या वेळानं निघते, तुझ्या घाईनं नाही. दोन बुड्यांनंतर माणसाला वाटतं, आपल्याला काही झालेलं नाही. तेच तर मोठं धोक्याचं."

मला राग आला. इतका, की मी होडीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसले. संध्याकाळचं पाणी उतरलं, थांबलं, पुन्हा वळलं, आणि मी ते नुसतं बघत राहिले. तांडेलाची बायको किनाऱ्यावर उकिडवी बसून पाण्याकडे पाहत होती. तिच्याकडे बघण्याचं मला धैर्य होईना. अंधार पडायच्या आत खांदे ठणकू लागले, बोटांची मूठ वळेना. चौथा दोर या बोटांनी मी काय ओढणार होते, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं.

घरी परतताना काका हळूच म्हणाले, "पौर्णिमेनंतर दोन दिवस उधाण चढतंच असतं. आणि या दिवसांत दुपारची भरती रात्रीपेक्षा मोठी. तांडेलालाही ठाऊक आहे. घाबरला म्हणून विसरला."

बुधवारी सकाळी मी उतरले तेव्हा हात पुन्हा माझे होते. आदल्या दोन्ही खेपांपेक्षा निम्म्या वेळात चौथा दोर बसला. मी तीन हिसके दिले आणि वर आले. होड्यांवर आडवे वासे टाकलेले होते. कोळ्यांनी दोर ताठ केले, गाठी मारल्या. मग काम उरलं ते फक्त भरतीचं.

दहाच्या सुमाराला दोर कुरकुरू लागले. होड्या इतक्या दबल्या की काठ पाण्याला टेकायला आले. अकरा वाजले. काकांनी तळवा एका दोरावर ठेवला होता. ऐकू येत नसलेलं ते हातानं ऐकत होते. एकाएकी खालून जाड बुडबुडे आले, गाळाचा काळा ढग वर उसळला, आणि दोन्ही होड्या एकदम हातभर वर उठल्या.

"सुटला!" काका ओरडले. "सुटला तो!"

कोळ्यांनी वल्ही मारली. काठावरून लोकांनी दोर ओढला. तासाभरात मचव्याची डोलकाठी पाण्याबाहेर आली, तिला शेवाळ लोंबत होतं. मचवा उथळ चिखलात नेऊन टेकवला आणि ओहोटी लागली तसा तो पुरता उघडा पडला: काळा, ओला, कुशीला भोक पडलेला, पण सबंध. तांडेलाची बायको चिखलातून गुडघाभर पाय रुतवत त्याच्यापाशी गेली आणि फळ्यांवर गाल टेकवून रडली. तांडेल मला म्हणाला, "बाई, काल मी तुमाला ढकलत होतो. माफ करा." मी म्हटलं, "मीही ढकलतच होते."

मला त्याच संध्याकाळच्या एस.टी.नं निघायचं होतं. काकांनी ट्रंकेवर हात ठेवला. "खोल पाण्यातून आल्यावर एक दिवस उंचावर जायचं नाही. घाट म्हणजे उंचच." या वेळी मी वाद घातला नाही. गुरुवारी रिबेकानं मलिदा (भिजवलेल्या पोह्यांत गूळ, खोबरं घातलेला प्रसाद) केला. काकांनी हिब्रूत आभाराची प्रार्थना म्हटली. तांडेलाचं सगळं घर ओट्यावर चढून पंगतीला बसलं होतं, आणि त्याच्या बायकोनं मला आग्रहानं तीनदा वाढलं.

शुक्रवारी मी घाट चढले. खाडी मागे एका चकाकत्या रेघेएवढी झाली, मग दिसेनाशी झाली. या सुट्टीत मी कधी नव्हे एवढी धीट झाले असं वाटत होतं. पण ज्या तासांचा मला अभिमान वाटत होता, ते पाण्याखालचे नव्हते.

जूनमध्ये शाळा उघडली. कवायतीच्या तासाला मी मुलींना मचव्याची गोष्ट सांगितली. एकीनं विचारलं, "बाई, सगळ्यांत अवघड काय होतं?"

"मंगळवारची संध्याकाळ," मी म्हटलं. "होडीत बसून राहायचं होतं."

त्या हसल्या. मग एकेक करून सतरा मुलींनी मी नव्यानं काढलेल्या पोहण्याच्या वर्गाला नावं दिली.