सोळा सिलिंडरांचे सासरे

माझ्या सासऱ्यांचा जगात दोनच गोष्टींवर पूर्ण विश्वास होता. एक, डब्ल्यूडीएम-टू जातीचं डिझेल इंजिन. आणि दुसरी, स्वतःचे कान. देवावरही होता, पण तो गणपतीच्या दिवसांपुरता. माणसांवर ठेवायचा की नाही, ते माणूस बघून ठरायचं. ते रेल्वेच्या डिझेल शेडमध्ये फिटर होते. वीसेक वर्षं त्यांनी त्या इंजिनांच्या पोटात डोकं घालून ती दुरुस्त केली आणि तेवढ्याच वर्षांत इंजिनांनी त्यांचे कान हळूहळू खाल्ले. पण ते आम्हाला फार उशिरा कळलं.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते मुलुंडला, आमच्या घरी, मला बघायला आले तेव्हा. आमचं घर रुळांच्या अगदी कडेला. माझी आई माझ्या शिवणकामाचं कौतुक सांगत असताना एक मालगाडी जाऊ लागली. गाडी गेली की बोलू म्हणून सगळे थांबले. सासऱ्यांनी मात्र पोह्यांची बशी खाली ठेवली, डोळे मिटले आणि गाडी पुढे निघून गेल्यावर माझ्या वडिलांना अतिशय गंभीरपणे सांगितलं, "सोळापैकी एक सिलिंडर काम करत नाय." माझ्या वडिलांना वाटलं, हे मुलीत खोट काढतायत. ते एकदम म्हणाले, "आम्ही काही लपवलेलं नाही." मग माझ्या होणाऱ्या नवऱ्याने मान खाली घालून खुलासा केला, की बाबा इंजिनाबद्दल बोलतायत. सगळे खो खो हसले. लग्न ठरलं ते बहुधा त्या हसण्यावरच.

घाटकोपरच्या त्या दोन खोल्यांत मी नांदायला आले तेव्हा घरात साबणापेक्षा डिझेलचा वास जास्त होता. बाबा कामावरून येऊन लाकडाचा भुसा चोळून हात धुवायचे, तरी नखं काळीच. सासूबाई म्हणायच्या, "ह्यांच्या हातचा प्रसाद देवालासुद्धा तेलकट लागत असेल." कुणीही पाहुणा आला की बाबा त्याला ताट, वाटी आणि भांडं मांडून इंजिन समजावून सांगत. ताट म्हणजे डिझेलचं इंजिन, ते वाटीला फिरवतं, म्हणजे जनित्राला. जनित्रातून वीज निघते ती भांड्यात, म्हणजे चाकांवरच्या मोटारीत. "म्हणजे डिझेलवर चालता का विजेवर?" असं शेवटी ते विचारायचे, आणि पाहुणा काहीही बोलला तरी उत्तर चुकायचं. जेवण तोपर्यंत थंड झालेलं असायचं. माझ्या मावशीला हे सगळं सत्यनारायणाच्या पूजेत ऐकावं लागलं, ती परत कधी आली नाही.

माणसांनाही ते इंजिनांचीच अक्षरं लावत. 'पी' म्हणजे नुसती सवारी ओढणारा, 'जी' म्हणजे नुसता माल, 'एस' म्हणजे शंटिंगवाला, यार्डाबाहेर न जाणारा. त्यांचा धाकटा मेहुणा 'एस' होता, दिवसभर गल्लीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. 'एम' म्हणजे मिक्स्ड, सवारीही ओढणार आणि मालही, आणि हे अक्षर ते फार जपून वापरायचे. मी सकाळच्या शाळेत शिकवून घरी येऊन स्वयंपाकाला लागायची हे त्यांनी महिनाभर पाहिलं आणि एक दिवस सासूबाईंना म्हणाले, "ही एम आसा." मला तेव्हा त्याचा अर्थ माहीत नव्हता. सासूबाईंनी सांगितला तेव्हा त्यांचा चेहरा जरा पडला होता, कारण त्यांना पंचवीस वर्षांत कुठलंच अक्षर मिळालेलं नव्हतं.

त्यांची सहल म्हणजे तर एक शिक्षाच होती. एकदा मे महिन्याच्या सुट्टीत ते आम्हा सगळ्यांना पनवेलला घेऊन गेले. दिव्याहून पनवेलची गाडी डिझेलवर चालायची, एवढाच त्या गावाचा गुण. सासूबाईंनी तिथल्या देवीसाठी नारळ आणि खण घेतला होता. पनवेलला उतरल्यावर बाबा आम्हाला फलाटाच्या टोकाला घेऊन गेले, इंजिन सुटून दुसऱ्या बाजूला कसं लागतं ते दाखवलं, चहा पाजला आणि त्याच गाडीने परत आणलं. सासूबाई नारळ मांडीवर घेऊन घाटकोपरपर्यंत एक शब्द बोलल्या नाहीत. बाबांना वाटलं, बाई भारावून गेली आहे.

त्यांचे एकच मित्र होते, पाटकर. शेडमधले त्यांचे जोडीदार फिटर. एकाच वर्षी नोकरीला लागलेले, कुर्ल्याच्या चाळीत राहणारे. दर रविवारी सकाळी पाटकरकाका यायचे, दोघं गॅलरीत बसायचे आणि एकाच इंजिनाबद्दल दोन तास भांडायचे. चहा तीनदा व्हायचा. जाताना पाटकरकाका मला म्हणायचे, "सूनबाई, ह्याला आवर. ह्याचा गव्हर्नर बिघडलाय, वेग आवरत नाही." बाबा आतून ओरडायचे, "ऐकलंय मी." पुढे पुढे ते ओरडेनासे झाले. माझ्या लक्षात आलं नाही.

लक्षात आलं ते मिक्सरमुळे. एका दुपारी तो घरघर करायला लागला म्हणून मी बाबांना दाखवला. त्यांनी आपला हातभर लांब पेचकस काढला. इंजिनाच्या आतला आवाज ऐकायला फिटर लोक पेचकसाचं टोक यंत्रावर टेकवतात आणि मूठ कानाला लावतात, हे मी पाहिलेलं होतं. बाबांनी मूठ कानाला लावली नाही. ती दातांत धरली. मी विचारलं, "बाबा, असं का?" उत्तर नाही. मी मागे सरकले आणि पुन्हा हाक मारली. मग मोठ्याने मारली. ते दातांत मूठ घट्ट धरून, डोळे मिटून, हाडांनी ऐकत बसले होते. डोळे उघडून माझ्याकडे पाहिल्यावर त्यांना सगळं समजलं. पेचकस पुसत म्हणाले, "कोणाक सांगू नको गो. तीन वर्षां रवली निवृत्तीक. पाटकराक ठाऊक आसा, तो सांभाळून घेता."

म्हणजे हे माहीत असलेली माणसं दोनच, पाटकरकाका आणि मी. मी शब्द दिला, आणि शिक्षिकेच्या खाक्याने एक पाऊल पुढे गेले. सासूबाई दुपारच्या झोपल्या की मी बाबांना समोर बसवून ओठ वाचायला शिकवू लागले. मलाही काही येत नव्हतं, दोघं मिळूनच शिकलो. प, ब, भ आणि म ओठांवर एकसारखेच दिसतात हे आम्हाला पहिल्या आठवड्यात कळलं, कारण मी आवाज न करता "पाव" म्हटलं आणि ते म्हणाले, "भाव? कशाचो?" एकदा मी "भेंडी आणा" म्हटलं तर भांडी घासायला बसले. पण चिकाटी जबरदस्त. चारपाच महिन्यांत माझं बोलणं ते खोलीच्या दुसऱ्या टोकावरून टिपायला लागले. सासूबाई किंचाळून जे सांगायच्या ते कळायचं नाही आणि मी न बोलता सांगितलेलं कळायचं, याचं घरात सगळ्यांना आश्चर्य वाटायचं. ते दिवस आठवले की अजून हसू येतं. आम्ही दोघं तेव्हा फार खूश होतो स्वतःवर.

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी शेडमध्ये घरच्या माणसांना येऊ देत. इंजिनांना झेंडूच्या माळा, पेढे, लाउडस्पीकर. बाबांनी मला आणि सासूबाईंना आपलं लाडकं इंजिन दाखवायला नेलं. ते आमच्याकडे तोंड करून, शेजारच्या रुळावर उभे राहून हात पसरून सांगत होते, "दोन हजार सहाशे घोडे आसत आतमध्ये." त्यांच्या पाठीमागून त्याच रुळावर एक इंजिन सावकाश मागे येत होतं. त्याने भोंगा दिला. आजूबाजूचे सगळे बाजूला झाले. बाबा घोड्यांचंच सांगत होते. ते माझ्याकडेच बघत होते, पण ओठ हलवायचं मला सुचलंच नाही. पाटकरकाकांनी धावत येऊन त्यांना कमरेला धरलं आणि दोघं बाजूच्या खडीत पडले. इंजिन निघून गेलं. पाटकरकाकांचं कोपर फुटलं होतं. गोळा झालेल्या लोकांना ते म्हणाले, "पाय घसरला त्याचा, काही नाही." बाबा उठले, केसांतली खडी झटकली आणि पुढचं सांगायला लागले. या वेळी रुळापासून चार पावलं लांब उभे राहून.

दसऱ्यानंतर शाळा सुटल्यावर मी एकटी शेडमध्ये गेले आणि साहेबांना भेटले. सगळं सांगितलं. माझं नाव येऊ देऊ नका म्हटलं. साहेब सज्जन होते, त्यांनी ते पाळलं. आठवडाभरात बाबांची कानाची तपासणी झाली आणि त्यांना इंजिनांवरून काढून स्टोअरच्या खिडकीत बसवलं. पगार तोच. काम एवढंच, की कुणी चिठ्ठी दिली की सुटा भाग काढून द्यायचा.

त्या संध्याकाळी ते गॅलरीत बसले होते. मी चहा दिला. माझ्याकडे बघून म्हणाले, "पाटकरानं सांगितला. दुसऱ्या कोणाक ठाऊक नव्हता." म्हणजे माझं नाव त्यांच्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं. मी "बाबा..." म्हणून तोंड उघडलं. ते म्हणाले, "त्याचा नाव ह्या घरात नको." आणि मी तोंड मिटलं. तेवढाच क्षण होता. त्या वेळी सांगितलं असतं तर जमलं असतं. दुसऱ्या दिवशी ते जरा जड झालं, महिन्याने अशक्य.

रविवारी पाटकरकाका आले तेव्हा बाबा दाराकडे पाठ करून पेपर वाचत बसले. पाठ करून बसलेल्या बहिऱ्या माणसाशी कुणी काय बोलणार? पाटकरकाका थोडा वेळ उभे राहिले. मी पाणी दिलं. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, भांडं परत केलं आणि निघाले. मी जिन्यात त्यांना गाठलं.

"काका, मीच..."

"कळलं मला," ते म्हणाले. "बरं केलंस. मी रोज साहेबांच्या दारापर्यंत जायचो, की आज सांगू, उद्या सांगू. माझ्याने झालं नाही."

"मी सांगते बाबांना."

"आता नको. तुला त्याला दोन वेळ वाढायचंय. माझ्यावर राग राहू दे, मी लांब राहतो." दोन पायऱ्या उतरून ते थांबले. "रविवारचं बघू, काहीतरी काम काढीन."

मला तेव्हा ते सोयीचं वाटलं, हे कबूल करायला हवं.

अशी तीन वर्षं गेली. स्टोअरच्या खिडकीतून बाबा पाटकरकाकांच्या हातात भाग देत, चिठ्ठी घेत, वर बघत नसत. त्यातल्या शेवटच्या वर्षी एकाच महिन्यात दोघं निवृत्त झाले. घरात बाबा माझ्याशी पूर्वीसारखेच होते, उलट जास्तच, कारण बोलायला मीच उरले होते. ते प्रेमाने माझ्या ओठांकडे बघायचे तेव्हा मला माझं तोंड झाकून घ्यावंसं वाटायचं.

एकदा बाजारात पाटकरकाकू भेटल्या. इकडचं तिकडचं झाल्यावर सहज म्हणाल्या, "अजून दर रविवारी आंघोळ करून शर्ट घालून बसतात गं. दहा वाजले की काढून ठेवतात." मी भाजी न घेताच घरी आले. बाबा शेंगा सोलत होते. मी समोर बसले आणि सांगितलं. साहेबांकडे मी गेले होते, पाटकरकाका नाही.

त्यांनी शेंग खाली ठेवली. म्हणाले, "परत सांग."

मी परत सांगितलं.

"पयल्यांदाच कळला होता," ते म्हणाले. "परत सांगतंस काय, ता बघत होतंय." त्यांनी टरफलं एका बाजूला लोटली. मग म्हणाले, "तू साहेबाकडे गेलंस ता बराबर केलंस. गप रवलंस, ता नाय." आणि उठले. "इस्त्रीचो शर्ट दी माझो."

मी त्यांच्याबरोबर गेले. कुर्ल्याच्या चाळीत पाटकरकाकांनी दार उघडलं. त्यांच्या मिशा आधीपासूनच झुबकेदार, आता तर पांढऱ्या होऊन पार ओठांवर उतरल्या होत्या. ते बोलायला लागले, आणि थांबेचनात. बाबा डोळे फाडून त्यांच्या तोंडाकडे बघत होते आणि त्यांना एक अक्षर कळत नव्हतं. त्यांनी शिकलेले ओठ फक्त माझे होते. शेवटी मी दोघांच्या मध्ये बसले. पाटकरकाका बोलायचे, ते मी ओठांनी बाबांना सांगायची. "म्हणतायत, कोपर आता दुखत नाही. म्हणतायत, तू बारीक झालास." बाबा कंटाळून म्हणाले, "पाटकर, तुझ्या मिशयेतून काय दिसना नाय रे." मग थोड्या वेळाने, भिंतीकडे बघत, "मी आधी तुका इचारूक व्हया होता." पाटकरकाकांनी नुसता हात हलवला. तेवढं मी सांगायची गरज पडली नाही.

पुढच्या रविवारी सकाळी दारात एक अनोळखी म्हातारा उभा होता. वरचा ओठ गोरापान, उघडा, कधी ऊन न लागलेला. सासूबाईंनी विचारलं, "कोण पाहिजे?" बाबा आतून आले, त्या ओठाकडे बघत राहिले आणि म्हणाले, "बोल बघूया कायतरी."

त्यानंतर दोघांना जेमतेम आठ महिने मिळाले. बाबा गेले तेव्हा ते पाटकरकाकांचं अर्धंअधिक बोलणं वाचायला शिकले होते, आणि राहिलेल्या अर्ध्यावर ते भांडायचे. गॅलरीतून आवाज यायचा तो एकट्या बाबांचाच, पाटकरकाका नुसते ओठ हलवायचे. मी आतून चहा घेऊन जायची, कप ठेवायची आणि लगेच आत वळायची. आता त्यांना माझी गरज नव्हती. तीन वर्षांत रविवार किती येतात, हे शाळेतल्या बाईला काढायला फारसा वेळ लागत नाही. मी ते कधी काढलेलं नाही.