समोशातला स

अंबरनाथला ज्या वर्कशॉपमध्ये मी कामाला आहे, तिथे नळांना चकाचक पॉलिश चढतं. त्याआधी नळ ॲसिडच्या टाकीत बुडवून गंज काढायचा. ते काम माझं आणि काकांचं. काका आमच्यातले सगळ्यात जुने. त्यांचे पुढचे दात झिजून अर्धेच राहिलेत, त्यामुळे 'स' म्हटलं की सायकलचा व्हॉल्व्ह ढिला झाल्यासारखी हवा सुटते.

मी सगळ्यांचे आवाज काढतो. माल टाकीतच असताना शेठ फोनवर "साईं, माल निकल गया" म्हणतो, ते मी असं करतो की एकदा शेठची बायकोच फसली. हळदीत लोक बोलवून माइक देतात. पण हिट आयटम म्हणजे काका. ते स्वतःच म्हणायचे, "ए पोरा, माजा आवाज काढ ना!" आणि पोट धरून हसायचे.

त्या दिवशी चहाच्या वेळेला मी ओरडलो, "सगळ्यांना कटिंग सांग रे, आणि समोसे!"

सगळे फुटले. एक जण म्हणाला, "क्या बात है, आज तर डिट्टो काका!" काकांनी टाळी दिली. "आज बरोबर जमला रं तुला."

मी आवाज काढलाच नव्हता. मला खरंच समोसा हवा होता.

हसलो मी पण. मग संडासात जाऊन कडी लावली, मोबाईलचा टॉर्च तोंडाजवळ धरला. आरशात बघितलं तर पुढच्या दोन दातांची कड पांढरी नव्हतीच. काचेसारखी झालेली, उजेड आरपार. म्हणजे काय, मी काळजी घेत होतो ना! काकांसारखं होऊ नये म्हणून टाकीवरून उठलो की लगेच ब्रश. खिशातच असायचा. जोर लावून, फेस येईपर्यंत.

कॅम्प दोन वस्तीतल्या दातांच्या डॉक्टर मॅडमना हे अभिमानाने सांगितलं, तर त्यांनी कपाळावर हात मारला.

"अरे बाबा, तूच घासून काढलंस!"

त्यांनी देवाच्या फोटोपुढचा अगरबत्तीचा पुडा उचलला, काड्या मुठीत गच्च धरल्या. "एनॅमल, म्हणजे दाताचं वरचं कवच, असं असतं. कॅल्शियम-फॉस्फेटचे बारीक लांब स्फटिक, जुड्या करून दाबून बसवलेले. अंगात याच्याइतकं कडक दुसरं काही नाही. पण ॲसिडची वाफ लागली की विरघळायला लागतं, वरचा थर मऊ पडतो. थुंकीतून थोडं कॅल्शियम परत बसतं, त्याला वेळ तर दे! नुसती चूळ भर, ब्रश नंतर."

"गेलेलं परत येईल ना, मॅडम?"

"हाड सांधतं. हे नाही. ज्या पेशी हे बनवतात, त्या दात वर यायच्या आधीच मरतात. वरून फिलिंग लावता येईल. पण वाफ चालूच राहिली तर?"

खुर्चीत मला एकही जोक सुचला नाही. सुचला असता तरी त्यात 'स' असता तर?

दुसऱ्या दिवशी काकांना सांगितलं. ते जिभेने दात चाचपत म्हणाले, "मना वाटला तंबाखूनी गेलं." शेठकडे दोघांनी जाऊन मोठा पंखा मागितला, मी पॅकिंगला बदली पण मागितली. शेठ म्हणाला, "दिवाली के बाद देखते हैं, साईं."

तोवर टाकीवर मी रुमाल बांधून, तोंड मिटून असतो. "मौनव्रत काय रे?" पोरं चिडवतात. काकांचा आवाज आता काढत नाही. भीती वाटते, काढला आणि परत माझ्या आवाजावर आलोच नाही तर?

सकाळी उठलो की आधी मोबाईलवर रेकॉर्ड करतो. समोसा, सासरा, सोसायटी, माझं नाव. पुढेमागे माझा 'स' गेलाच, तर नक्कल करायला ओरिजनल पाहिजे.

परवा आई किचनमधून ओरडली, "सकाळी सकाळी कोणाचा आवाज काढतोयस रे?"

"माझा."

"हॅ," ती म्हणाली, "जमत नाहीये."