वाघमोडे काकांचा बंदोबस्त

राजेंद्र नगरातले दिवाकर वाघमोडे एका खासगी विद्यापीठात सुरक्षा अधिकारी आहेत. पणजोबा होळकरांच्या फौजेत होते, हे ते पहिल्याच भेटीत सांगतात. पणजोबांनी कोणती लढाई मारली ते कोणालाच ठाऊक नाही. पणतवाने मात्र आजवर एकही लढाई होऊ दिली नव्हती.

त्यांची पद्धत साधी होती. बाहेरचा वक्ता येणार म्हटलं, की कोणती तरी संघटना कार्यक्रम उधळण्याची धमकी देणारच. मग काका तिच्या पुढाऱ्याला फाटकासमोरच्या ठेल्यावर पोहे-जिलबी खायला बोलावत आणि सगळं ठरवून टाकत. वक्त्याला हार घालून झाला की घोषणा, फोटो निघाले की बाहेर, मग भाषण. पोरांचं नाव पेपरात येई, वक्त्याला आपण फार धोकादायक असल्याचं समाधान मिळे आणि कुलगुरू निर्धास्त राहत. मला या नाटकाची मनापासून चीड आहे. पण पोहे चांगले असत, हे कबूल करायला हवं.

यंदा त्यांची मुलगी अनुश्री तिथे बोलणार होती. सांवेरकडच्या आटत चाललेल्या विहिरींवर तिने डॉक्टरेट केली, त्यावर हे तिचं पहिलंच व्याख्यान. पण विहिरींचा राग कोणाला येणार? धमकी नाही म्हणून पोलीस नाहीत, पोलीस नाहीत म्हणून पत्रकार नाहीत, आणि गडबडच नसेल तर विद्यार्थी कशाला फिरकतील? आपल्या पोरीने रिकाम्या खुर्च्यांपुढे बोलायचं, हे काकांना बघवणार नव्हतं.

शेवटी त्यांनी स्वतःच विद्यार्थी नेता ऋषभ याला ठेल्यावर बोलावलं. तो बुचकळ्यात पडला.

“पण काकाजी, विरोध किसका करना है?”

“विहिरींचा कर. थोडं चिल्लवा, मग बसून ऐका. बस हॉल फुल पाहिजे, भिया.”

काकांनी आयुष्यात पहिल्यांदाच काही मागितलं होतं, तेव्हा ऋषभने कसर ठेवली नाही. त्याने आजूबाजूच्या कॉलेजांतली पोरंही आणली. विहिरीचा पुतळा कसा करायचा ते न सुचल्याने त्यांनी फाटकात प्लास्टिकची बादली पेटवली. हॉल खचाखच भरला, आणि त्या काळ्या धुराने कुलगुरूंची पाचावर धारण बसली. हार घालण्याआधीच त्यांनी सुरक्षेच्या कारणावरून व्याख्यान रद्द केलं. काका सांगू लागले, की ही पोरं निरुपद्रवी आहेत, आता बसतीलच. कुलगुरूंनी त्यांनाच त्यांचा नियम ऐकवला: जरा शंका आली, की वक्त्याला मागच्या दाराने बाहेर काढायचं. अनुश्रीचा हात धरून काकांनीच तिला बाहेर नेलं.

मागे पार्किंगमध्ये त्यांच्या स्कूटरपाशी दोघं उभी राहिली. काकांनी तिची समजूत घातली: पब्लिक केवढी होती, कल पेपरमध्ये नाव येईल.

“मला पब्लिक कुठे हवी होती, बाबा?” अनुश्री म्हणाली. “तुम्ही नेहमी गेटवरच असता. मी काय काम करते, ते एकदा तुम्ही बसून ऐकावं, म्हणून तर मी इथे बोलायला हो म्हटलं.”

काकांना खरं सांगायचा धीर झाला नाही.

“आत्ता सांग ना,” ते म्हणाले. “मी ऐकतो.”

तिने हातातले कागद पर्समध्ये कोंबले.

“आता नको,” ती म्हणाली, आणि रिक्षा बघायला रस्त्याकडे चालू लागली.