गाळलेली ओळ

माझ्या घरात माझ्याआधी कुणी कागदावर दोन पानं लिहिली नाहीत. त्यामुळे मी लिहायला बसणं हे मलाच आगाऊपणाचं वाटतं. वाचणाऱ्यानं सांभाळून घ्यावं. पण ही हकिकत दुसरं कुणी लिहिणार नाही, कारण चूक माझी होती.

सत्तरच्या दशकात मी मोडनिंबहून सोलापूरला कॉलेजात आलो. आमचे गणिताचे सर मुंबईला प्रशिक्षण घेऊन आले होते आणि येताना त्यांनी सिम्युला नावाच्या, खऱ्या कामाची नक्कल यंत्रात चालवून पाहणाऱ्या संगणकभाषेच्या टंकलिखित नोट्स आणल्या होत्या. कॉलेजात संगणक नव्हता. आम्ही चौकटीच्या कागदांवर प्रोग्रॅम लिहायचो, सर तो पार्सलनं मुंबईला धाडायचे. तिथं कार्डांना भोकं पाडून तो मोठ्या यंत्रावर चालवत, आणि तीनेक आठवड्यांनी छापील कागद परत येई.

शिकणारे आम्ही दोघंच. दुसरा माझ्या बाकावरचा मित्र. घरी तेलुगू बोलणारा, वडील चादरींच्या कारखान्यात मागावर. या भाषेत एखाद्या वस्तूचं वर्णन 'क्लास' म्हणून एकदाच लिहायचं आणि त्यावरून हव्या तितक्या वस्तू तयार करायच्या, हे मला दोनदा ऐकूनही उमजेना.

"अरे, माग कसा वागतो ते एकदा लिही," तो म्हणाला. "मग चार उभे कर न्हाईतर चाळीस. ज्याची कांडी संपली तेवढाच थांबणार. तू काय ज्वारीच्या एकेका ताटाला उगवायचं कसं ते येगळं शिकवतोस व्हय?"

मी हसलो. समजलं नव्हतंच.

मागाचं मॉड्यूल, म्हणजे हे एकदाच लिहायचं वर्णन, त्यानं लिहिलं. माग विणतो, कांडीतला धागा संपला की थांबतो, कामगार येऊन कांडी बदलेपर्यंत वाट पाहतो. ते वापरणारा मुख्य प्रोग्रॅम मी लिहिला: चार माग, एक कामगार. हे चाललं तर सर मुंबईच्या वर्षभराच्या शिक्षणासाठी मित्राची शिफारस करणार होते. नाही चाललं तर मागावर यायचं, असं वडिलांनी त्याला सांगून ठेवलं होतं. मुदत इतकी जवळ होती की एकच पार्सल जाणार होतं.

माझं अक्षर बरं म्हणून पक्की प्रत मी केली. त्याच्या मॉड्यूलमध्ये एका ओळीवर एकटाच शब्द होता, 'डिटॅच'. शब्दकोशात पाहिलं तर अर्थ 'सुटं करणे'. मागाला प्रोग्रॅमपासून सुटं केलं तर तो चालणार कसा? चुकून राहिला असेल असं वाटलं. त्याला विचारायला हवं होतं. पण तिसऱ्यांदा विचारायची लाज वाटली, आणि मी ती ओळ गाळली.

कागद परत आला. ठरलेली वेळ संपली म्हणून यंत्रानं प्रोग्रॅम बंद केला होता. पहिला माग तयार झाला तो विणतच सुटला. थांबून मुख्य प्रोग्रॅमकडे परत येण्याची जागा म्हणजेच ती ओळ होती. दुसरा माग तयारच झाला नाही. सरांच्या टेबलापाशी उभ्या उभ्या मला हे कळलं.

"चूक कुठं आहे?" सरांनी विचारलं.

मी कागद शेजारी उभ्या असलेल्या मित्राकडे सरकवला. तो कागदावरून बोट फिरवत राहिला आणि म्हणाला, "माज्याच मॉड्यूलमदी हाय, सर."

दिवाळीनंतर तो कॉलेजात आला नाही. त्याच्या गल्लीच्या तोंडापर्यंत मी तीनदा गेलो आणि मागांचा खडखडाट ऐकून परत फिरलो.

नोकरी लागल्यावर कधीतरी धीर करून सरांना पत्र लिहिलं, सगळं कबूल केलं. त्यांचं उत्तर आलं:

"ओळ गाळल्याचं मला त्याच दिवशी समजलं होतं. तू गेल्यावर त्यानं जागा दाखवली. तुला बोलू नका, नाहीतर तू शिक्षण सोडून गावाकडं जाशील, असं म्हणाला. मुदत संपली होती, म्हणून मीही गप्प बसलो. ते बरोबर केलं का, सांगता येत नाही. पुढच्या उन्हाळ्यात मुंबईला गेलो तेव्हा त्याचं मॉड्यूल त्या ओळीसह चालवलं. चारही माग चालले. छापील कागद त्याला कारखान्यात नेऊन दिला. त्यानं हात पुसले, शेवटपर्यंत वाचला, आणि आता मुंबईच्या शिक्षणासाठी अर्ज करता येईल का म्हणून विचारलं. कॉलेज सोडलेल्याची शिफारस चालत नव्हती; मला नाही म्हणावं लागलं."